जुनी पिकअप लाईन धरत नसेल तर

गोव्यात चोर्ल्याचा घाट उतरताना किंवा झुआरी ब्रिजवर जुनी पिकअप सारखी डावी-उजवी जाते आणि स्टिअरिंग सतत सावरत बसावं लागतं, तर लगेच अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवून घ्यायला) पळू नका, स्टिअरिंगचे सांधे ढिले असले तर ते पैसे पाण्यात. आधी चारही टायरची हवा बघा, ती तर फुकटच. मग चाकं सरळ, हॅन्डब्रेक लावलेला, एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवायचं आणि दुसऱ्याने खाली वाकून बघायचं, टाय रॉड एन्ड, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारे दांडे आणि त्यांचे सांधे), जिथे एक बाजू हलते पण पुढची उशिरा हलते तिथेच प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. आपल्याकडे पाऊस आणि खारी हवा, सांध्यावरचं रबरी टोपण (बूट) फाटलं की पाणी आत जाऊन सांधा लवकर खलास. मग पुढचं चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, वर-खाली धरून हलवा, खडखड आली तर चाकाचं बेअरिंग, किंवा चाक ज्यावर वळतं तो बॉल जॉइंट नाहीतर किंगपिन ढिला. स्टिअरिंग बॉक्सचा (स्टिअरिंगच्या दांड्याखालची गिअरची पेटी) प्ले कमी करायचा स्क्रू सगळ्यात शेवटी, तोही अगदी थोडाच, जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही आणि ते जास्त डेंजर. पार्ट बदलले की मगच अलाइनमेंट.