पानिपत गच्चीवर कसं मांडावं

महालातल्या आमच्या गल्लीत पानिपतावर वाद सुरू झाला की गाडी हमखास ‘होळकर पळाले की नाही’ इथंच अडकते. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे माझा आग्रह एकच: आधी जमीन मांडा, मग भांडा. सदाशिवरावभाऊ कुठं चुकले हे शोधायचं तर १४ जानेवारी १७६१ पासून सुरुवात करू नका. १७६० च्या ऑक्टोबरात जा.

हे काम हिवाळ्यातच करावं. मे महिन्यात आपल्या नागपुरात गच्चीवर पाय ठेवायची सोय नाही. खडू, निळी सुतळी, अख्खी तूर, हरभरे आणि मुरमुऱ्यांची मोठी पिशवी घ्या. मुरमुरे जास्तच आणा, पोट्टे खातात.

एक वीत म्हणजे १० किलोमीटर धरा. दक्षिणेला दिल्ली, तिथून उत्तरेला नऊ विती पानिपत, आणखी चार विती वर कुंजपुरा. पूर्वेच्या बाजूनं सुतळी सोडा, ती यमुना. दिल्लीपासून चारेक वितींवर, नदीच्या पलीकडे बागपत. तूर म्हणजे मराठे, नदीच्या पश्चिमेला. हरभरा म्हणजे अब्दाली, पूर्वेला. मुरमुरे म्हणजे बुणगे: बाजारकरी, यात्रेकरू, बायकामुलं. तूर जिथं जाईल तिथं मुरमुरेही सरकवायचे, एकही मागे सोडायचा नाही. या नियमात सूट दिलीत तर पुढचं काहीच कळणार नाही.

भरतपूरच्या सूरजमल जाटाचा विषय निघेलच. बुणगे आणि जड तोफा मागे ठेवा हा त्याचा सल्ला मानला गेला नाही आणि तो दिल्लीहून परत गेला, एवढं सांगून पुढं चला. नाहीतर तिथंच रात्र होते.

१७ ऑक्टोबरला तूर कुंजपुऱ्यावर. किल्ला घेतला, धान्य मिळालं, सगळे खूश. आता बागपतजवळ हरभरे सुतळी ओलांडून अलीकडे आणा. तारीख २५ ऑक्टोबर. इथं सगळ्यांना हात मागे घ्यायला लावा आणि विचारा, दिल्लीचा रस्ता कुणाच्या हाती? कुणी ना कुणी सुतळीकडे बोट दाखवतंच, की दिल्ली ते कुंजपुरा एवढ्या लांब नदीवर तुरीचा दाणाच नाही! नदीला पाणी होतं, अब्दाली उतरायची जोखीम घेणार नाही असं धरलं गेलं. अंदाज चुकू शकतो, त्याबद्दल मी भाऊंना बोल लावत नाही. पण नदी ओलांडायच्या उतारांवर पुरेशी चौकी नसणं हा अंदाजाचा प्रश्न नव्हे, ती हयगय. माझ्या मते पानिपत इथंच अर्धं हरलं.

तूर परत पानिपतावर आणा आणि पुढचे अडीच महिने झपाट्यानं उरका. मराठ्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद मारत होते, डिसेंबरात ते पडले. मराठ्यांच्या छावणीत उपासमार सुरू झाली.

आता पट पुसून रणांगण मोठं काढा. मराठ्यांची तोंडं दक्षिणेला. डावीकडे इब्राहिमखान गारदी आणि त्याचे कवायती बंदूकवाले, तेच गारदी, मध्ये भाऊ आणि विश्वासराव, उजवीकडे शिंदे-होळकर. गारद्यांसमोर अब्दालीच्या बाजूचे रोहिले पठाण, भाऊंसमोर अब्दालीचा वजीर शाहवलीखान, शिंदे-होळकरांच्या बाजूला रोहिला सरदार नजीब. हरभऱ्यांतली एक मूठ मागे वेगळी ठेवा. मग एखाद्या पोराला तुरीच्या रांगेमागे हात फिरवायला सांगा. काय लागतं? नुसते मुरमुरे. राखीव फौज नाहीच.

गारद्यांच्या दाण्यांपासून समोर खडूच्या सरळ रेघा ओढा, तो त्यांचा मारा. सकाळी रोहिले त्यात भाजून निघाले. मग विंचूरकर आणि दमाजी गायकवाडांचे स्वार त्या रेघांवर नेऊन ठेवा. गारदी आता गोळी कुणावर झाडणार? गोलाच्या, म्हणजे रांगा न मोडता एकत्र लढायच्या लढाईत स्वारांनी दम धरायचा असतो, आणि आपल्या घोडदळाला ती सवयच नव्हती. निजामाविरुद्धच्या उदगीरच्या लढाईला वर्षभरही झालं नव्हतं, तिथं याच गारद्यांच्या जोरावर जिंकले होते हो!

दुपारनंतर विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. रिकामा हौदा पाहून सैन्य फुटलं, असं सर्रास सांगतात. खरं आहे, पण अपुरं. भाऊ झालेल्या पोट्ट्याला दाण्यांत गाल फरशीला टेकवून बघायला लावा आणि अब्दाली झालेल्याला मागे स्टुलावर उभं करा. गाल टेकवलेल्याला डावीकडचे गारदी दिसतच नाहीत. स्टुलावरच्याला शाहवलीखानाची फळी कुठं वाकली ते लगेच दिसतं. अब्दालीनं तेच पाहिलं, छावणीत पळून आलेल्यांना दंडुक्यानं परत पिटाळलं आणि ती राखलेली मूठ मध्यावर टाकली. उंटांवरच्या जंबुरक तोफाही तेव्हाच कामी आल्या.

शेवटी तुरीतले दहा दाणे मागे ठेवून डाव पुन्हा लावा. ते कुठून काढायचे यावर घमासान होईल, होऊ द्या. गारद्यांतून काढले तर डावी बाजू उघडी पडते, होळकरांकडून काढले तर नजीब आत शिरतो. मधून काढायचे तर भाऊंनी स्वतः मागे थांबायला हवं. आणि कुठूनही काढले तरी ते उभे कुठं करणार? मागची सगळी जागा मुरमुऱ्यांनी अडवलेली आहे.