वाइन सॉसमधला मासा : या चुका टाळा

खरपूस भाजलेला पांढरा मासा आणि त्याच्याखाली दोन चमचे वाइन-बटरचा सॉस. हा सॉस म्हणजे फ्रान्समधल्या नांत शहराकडचा 'बर ब्लाँ'. साहित्य मोजकंच, तरी बिघडतो. बहुतेकदा कारण एकच असतं: नको तिथे राहिलेलं पाणी.

मासा चिकटला की सगळे तव्याला दोष देतात. पण ओला मासा तेलात पडला की आधी त्याच्यावरचं पाणी उकळतं. ते आटेपर्यंत वरचा थर १०० अंशांपुढे जात नाही आणि खरपूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. तोवर आतून मासा कोरडा पडलेला असतो. म्हणून फिले, म्हणजे काटा काढलेले माशाचे तुकडे, पेपर नॅपकिनने टिपा, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी पुन्हा टिपा. आपल्या हाताला लिंबू-हळद लावून मुरवायची सवय असते. रव्यात घोळवायच्या तुकडीला ते चालतं, तिची ओल रवा पितो. इथे रवा नाही. लिंबू शेवटी सॉसमध्ये.

मासा जिताड्यासारखा जाड आणि घट्ट हवा. कोळणीकडून खवले काढून, साल ठेवून फिले करून घ्या. पापलेटचे फिले पातळ, उलटेपर्यंत जास्त शिजतात. बोंबलाचा विषयच नको. फ्रोझन बासा असेल तर आदल्या रात्री फ्रिजमध्ये जाळीवर ठेवा, नाहीतर पॅनमध्ये तळं होतं.

तेल चांगलं तापलं की साल खाली करून ठेवा आणि पहिले दहा-पंधरा सेकंद उलथन्याने दाबून धरा. नाहीतर साल आक्रसते, फिले वाकतो आणि मधला भाग कच्चा राहतो. मग हात लावू नका. उचलताना ओढ लागली तर अजून वेळ आहे, खरपूस झाला की आपण होऊन सुटतो. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीला सालीकडून चार मिनिटं, उलटून एक-दीड. पांढऱ्या गुठळ्या बाहेर यायला लागल्या म्हणजे उशीर झाला.

मासा काढा, जास्तीचं तेल ओतून टाका. सॉस याच पॅनमध्ये करायचा, म्हणून पॅन स्टीलचा हवा. बिडाच्या तव्यात मासा झकास होतो, पण वाइनच्या आंबटपणाने सॉस काळपट होतो आणि लोखंडाची चव लागते. नॉनस्टिकमध्ये तळाला खरपूस काही धरतच नाही, त्यामुळे सॉस मिळमिळीत.

वाइन ड्राय, म्हणजे गोड नसलेली हवी. फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यातली शेनिन ब्लाँ द्राक्षं नाशिककडेही होतात, त्यांची ड्राय वाइन उत्तम. गोडसर वाइन आटली की आणखी गोड लागते. दोघांसाठी १२० मिली पुरे. ओतताना पॅन गॅसवरून बाजूला घ्या, अल्कोहोलच्या वाफेने भडका उडू शकतो.

सर्वांत मोठी चूक इथेच होते: वाइन पुरेशी आटवत नाहीत. बारीक चिरलेल्या छोट्या कांद्याबरोबर ती दोन चमच्यांवर येईपर्यंत उकळू द्या. नाकात झोंबणारा वास गेला पाहिजे. (अल्कोहोल मात्र पूर्ण उडत नाही, वर्ज्य असणाऱ्यांना आधी सांगा.) मग आच अगदी मंद, आणि फ्रिजमधलं गार बटर, ५० ग्रॅमभर, एकेक तुकडा टाकत ढवळत राहा. बटर बिनमिठाचंच घ्या. नेहमीचं पिवळं खारट बटर आटलेल्या वाइनमध्ये गेलं की सॉस खारट झालाच म्हणून समजा.

सॉस उकळला तर फाटतो, वर तूप तरंगतं. लगेच आचेवरून उतरवा, चमचाभर गार पाणी घालून जोरात फेटा. तरी जमला नाही तर दुसऱ्या भांड्यात दोन चमचे फ्रेश क्रीम गरम करून फाटलेला सॉस त्यात थोडाथोडा फेटत घाला. क्रीमने चव थोडी बदलते, पण पाहुण्यांना कळणार नाही.

लिंबाचे चार थेंब सर्वांत शेवटी. सॉस आधी ताटलीत ओता आणि मासा त्यावर साल वर करून ठेवा. वरून ओतलात तर मिनिटभरात साल मऊ पडते.