बॉनेटखालची किंचाळी

सकाळी स्टार्टर मारला की पिकअपच्या बॉनेटखालून अशी किंचाळी निघायची की गल्लीतली कुत्री उठून बसायची. दोन मिनिटांत गप्प. हेडलाइट, एसी लावला की वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवर आणि एसीच्या कॉम्प्रेसरवर लोड येऊन पुन्हा सुरू. मेकॅनिकनं हे दोन्ही फिरवणारा इंजिनचा पट्टा बदलला. आठ दिवसांत तेच रडगाणं.

मग चालू इंजिनवर, हात लांब ठेवून, पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाटलीनं पाणी शिंपडलं. आवाज चक्क वाढला. म्हणजे पट्टा घसरतोय, ताण कमी. (पाण्यानं क्षणभर थांबला असता तर पुली तिरकी असल्याचा संशय.) इंजिन बंद करून पट्टा उतरवला, टेन्शनरची (पट्टा ताणून धरणाऱ्या भागाची) पुली बोटानं फिरवली तर खरखर, आणि स्प्रिंगमध्ये जीवच नाही. नवा टेन्शनर बसवला. जुना पट्टा मात्र उगाच भंगारात गेला.