आऊटबोर्ड इंजिन: नवीन घ्यायचं की दुरुस्त करायचं? माझा अनुभव

मालवणात आमच्या छोट्या होडीला ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, आहे. पावसाळ्यानंतर ते तापायला लागलं. इंजिन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार सुतासारखी बारीक. सगळे म्हणाले, "नवीन घे."

मी आधी दोन्ही स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. दोन्ही सिलिंडरचं जवळजवळ सारखं आलं, म्हणजे इंजिनात जीव होता. एकाचं पडलेलं असतं, तर मात्र नवीनच घेतलं असतं.

मग खालचा गिअरकेस उतरवला. थंड करणारं पाणी खेचणाऱ्या पंपाच्या इम्पेलरची (आतल्या फिरत्या रबरी चक्राची) दोन पाती तुटलेली, उरलेली वाकून कडक झालेली. तुटलेले तुकडे शोधून काढलेच, नाहीतर ते पाण्याच्या वाटेत अडकतात. थर्मोस्टॅटवर (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेवर) मिठाचा जाड थर होता. इम्पेलर, गॅस्केट बदललं. आता धार करंगळीएवढी पडते, आणि किनाऱ्यावर आलो की इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवतो.