आरसी बोट बांधताना या चुका टाळा: आधी शाफ्ट, मग रंग

आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटवर चालणाऱ्या बोटीच्या किटचा खोका उघडला की डोळे जातात डेकच्या रेलिंगवर आणि रंगाच्या डब्यावर. बोट बुडते मात्र मागे, शाफ्टच्या (मोटरपासून मागच्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांडीच्या) नळीपाशी. माझी पहिली बोट दिंडोरीजवळ मामांच्या शेततळ्यात दहा मिनिटांत मागून खाली बसली. काढून उघडली तर आत पेलाभर पाणी आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) त्यात बुडालेला. म्हणून सगळ्यात जास्त वेळ शाफ्टला द्या.

मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नसणं ही सर्रास होणारी चूक. लोक म्हणतात, मध्ये युनिव्हर्सल कपलिंग (दोन दांड्या जोडणारा लवचिक सांधा) आहे ना, चालतंय. कपलिंग थोडा वाकडेपणा सोसतं, पण मोटर थरथरते, जास्त करंट खाते आणि नळीचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) झिजतो. आमच्या शेजारचे काका सातपूरला फिटर होते. त्यांनी माझी बोट हातात घेतली, कपलिंग चिमटीत धरून हळू फिरवलं आणि एका जागी थांबले. "इथं अडकतंय बघ. बोटाला जड लागतंय ते मोटरलाही जडच लागणार." उपाय त्यांचाच: मोटरचा माउंट चिकटवताना कपलिंग लावूच नका. मोटरची दांडी आणि शाफ्ट दोन्हींवर घट्ट बसेल असा पितळी नळीचा तुकडा चढवा. दोन्ही आपोआप सरळ येतात. अराल्डाइट (दोन भागांचा इपॉक्सी गोंद) पूर्ण वाळलं की तुकडा काढून कपलिंग बसवा.

नळीचं आतलं टोक जमेल तितकं पाण्याच्या रेषेच्या वर ठेवा. नळीत वॉटरप्रूफ ग्रीस ठासून भरा, अधूनमधून पुन्हा भरा. पंखा नळीला घासेल इतका आवळू नका, कागद सरकेल एवढी फट हवी.

गोंदाचं म्हणाल तर साधा पांढरा फेविकॉल पाण्यात टिकत नाही. पाच मिनिटांचं इपॉक्सी तात्पुरतं धरायला ठीक, पण पाण्याखालच्या जोडांना सावकाश वाळणारंच वापरा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी त्याला फार लांबवते. रात्री चिकटवून सकाळी हाताचं बोट लावलं तर चिकट लागतं आणि माणूस पुढच्या वेळी उगाच हार्डनर (इपॉक्सीचा दुसरा भाग) जास्त घालायला लागतो. तसं करू नका. प्रमाण डब्यावरचंच ठेवा, बोट उबदार खोलीत ठेवा आणि आणखी एक दिवस थांबा.

फळ्या एकाच बाजूनं लावत गेलात तर सांगाडा पिळतो आणि मग बोट सरळ जात नाही. डावी एक, उजवी एक, असंच करा.

रिसीव्हर (बोटीतला, रिमोटचे संदेश घेणारा भाग) 2.4 गिगाहर्ट्झचा असेल तर त्याची अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर न्या, कारण पाणी हे तरंग शोषतं. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा सेल 3 व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका. सुरू करताना ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आधी, बोट नंतर. बंद करताना उलट.

पहिली चाचणी कपडे भिजवायच्या मोठ्या टबात घ्या. बॅटरी आतच ठेवून बोट अर्धा तास नुसती तरंगू द्या. एका बाजूला कलली तर आधी बॅटरी सरकवून बघा, तोल साधायला शिशाचं वजन नंतर. मग आत कोरडा टिश्यू फिरवा. ओला झाला तर गळती कुठं आहे ते तिथंच कळतं.

गोदावरीच्या घाटाजवळ बोट सोडायचा मोह आवरा. निर्माल्याचे दोरे आणि पानवेली पंख्यात गुंडाळतात, आणि पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीपर्यंत (नाशिककर जिच्यावरून पुराची पातळी ओळखतात ती मूर्ती) चढणाऱ्या पाण्याशी खेळ नको. शेततळं बरं, पण त्याच्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. बोट मध्येच बंद पडली तर आत उतरू नका. गळाच्या दोरीला टेनिस बॉल बांधून सोबत न्या. तो बोटीच्या पलीकडं फेका आणि दोरी बोटीला अडकवून सावकाश ओढा. घरी आल्यावर झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळू द्या.