ट्रिप्टोफॅनचा जाड बाण: मेंदूच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएस्सी बायोकेमिस्ट्री करून मी पीएचडीला लागले तेव्हा ट्रिप्टोफॅन (अन्नातल्या प्रथिनांतून मिळणारं एक अमिनो आम्ल) म्हटलं की मला त्यापासून बनणारं मेंदूतलं संदेशवाहक रसायन, सेरोटोनिन, एवढंच आठवायचं. पहिल्याच आठवड्यात माझ्या गाईडनी फळ्यावर दोन बाण काढले. बारीक बाण सेरोटोनिनकडे जात होता आणि जाडजूड बाण कायन्युरेनिन या दुसऱ्या पदार्थाकडे. शरीरात जे ट्रिप्टोफॅन मोडलं जातं, त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त या जाड बाणाच्या वाटेनं जातं. पुढची सगळी वर्षं मी त्या बाणावर काढली. या विषयात येऊ पाहणाऱ्यांनी मला विचारलं तर मी एकच सांगते: कुठलाही पदार्थ दिसला की आधी विचारा, हा कुठल्या पेशीत तयार झाला?

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते बघा. एरवी ही वाट मुख्यतः यकृतात चालते. शरीरात दाह सुरू झाला, इंटरफेरॉन गॅमा हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन वाढलं, की इतर पेशींमध्ये आयडीओ नावाचं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि कायन्युरेनिन वाढतं. ते रक्तातून मेंदूत शिरू शकतं. मेंदूत ते ॲस्ट्रोसाइट या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींच्या हाती लागलं तर त्याचं कायन्युरेनिक आम्ल होतं. हे आम्ल चेतापेशींवरचे एनएमडीए ग्राही, म्हणजे संदेश आत घेणारी दारं, अडवतं. मायक्रोग्लियाकडे, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींकडे, मात्र केएमओ हे विकर असतं, त्यामुळे तिथे गाडी क्विनोलिनिक आम्लापर्यंत जाते. क्विनोलिनिक आम्ल तेच ग्राही उघडतं. ग्राही फार वेळ उघडे राहिले की पेशीत कॅल्शियमचा लोंढा येतो आणि पेशी मरते. मूळ पदार्थ एकच, फक्त पेशी बदलली.

१९८३ साली रॉबर्ट श्वार्च आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतल्या स्ट्रायाटम या भागात क्विनोलिनिक आम्ल टोचलं. तिथल्या चेतापेशी मेल्या, पण त्या भागातून नुसते जाणारे तंतू शाबूत राहिले. हंटिंग्टनच्या आजाराशी (याच भागातल्या चेतापेशी मरत जाणारा आनुवंशिक आजार) जुळणारं हे चित्र होतं. तो शोधनिबंध छोटा आहे, आधी तो वाचा.

मग मीही सगळ्यांसारखी एक चूक केली. वहीत दोन रकाने आखले, ‘चांगले’ आणि ‘वाईट’. पुढे वाचलं की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूजलात (मेंदूभोवतीच्या द्रवात) ‘चांगलं’ कायन्युरेनिक आम्लच वाढलेलं आढळतं. आणि ‘वाईट’ क्विनोलिनिक आम्लापासूनच शरीर एनएडी हा ऊर्जेसाठी लागणारा रेणू बनवतं, ज्याच्यावाचून एकही पेशी जगत नाही. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं अल्झायमरच्या उंदरांत आयडीओ१, म्हणजे वरचंच आयडीओ विकर, रोखलं आणि त्यांची स्मरणशक्ती सुधारली. तिथे त्रास होता तो कायन्युरेनिनमुळेच: त्याच्यामुळे ॲस्ट्रोसाइटमधलं ग्लुकोजचं ज्वलन मंदावत होतं आणि चेतापेशींना लॅक्टेट हे त्यांचं इंधन कमी मिळत होतं. माझे दोन्ही रकाने मी खोडून टाकले.

आपल्या भाकरीशीही या वाटेचा संबंध आहे. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमधून शरीर १ मिलिग्रॅम नायसिन (बी३ जीवनसत्त्व) मिळवतं. नायसिन कमी पडलं की पेलाग्रा होतो: कातडी सोलवटते, जुलाब लागतात आणि बुद्धिभ्रंशही होतो. दख्खनच्या पठारावर जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो दिसायचा. हैदराबादहून गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या जास्तीच्या ल्यूसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्या कारणावर पुढे बरेच वाद झाले. भाकरीसोबत डाळ, दूध असेल तर घाबरायचं काही कारण नाही. पण आहार आणि मेंदू यांचं नातं मला इतकं लख्ख दुसरीकडे कुठेच दिसलेलं नाही.

आता हातानं करायच्या कामाबद्दल. हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्करोगपेशींना) इंटरफेरॉन गॅमा द्या, दोन दिवसांनी वरचं माध्यम (पोषक द्रव) घ्या, ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लानं प्रथिनं खाली बसवा आणि कायन्युरेनिनला रंग देणारं एर्लिखचं द्रावण घाला. प्लेटच्या वेलमध्ये पिवळा रंग चढतो, शेजारच्या, इंटरफेरॉन न दिलेल्या कंट्रोल वेलमध्ये तो नसतो. कायन्युरेनिन मी पहिल्यांदा असं डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या दिवशी हा विषय माझा झाला.

रक्ताच्या नमुन्यांत मात्र ही पद्धत पुरत नाही, तिथे एचपीएलसी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे मिश्रणातला एकेक पदार्थ वेगळा ओळखून मोजणारी यंत्रं लागतात. माझे सुरुवातीचे नमुने वाया गेले, कारण रुग्णांचं रक्त उपाशीपोटी घेतलं होतं आणि निरोगी स्वयंसेवकांचं नाश्त्यानंतर. ट्रिप्टोफॅन जेवणानुसार बदलतं, त्यामुळे कायन्युरेनिन आणि ट्रिप्टोफॅनच्या गुणोत्तरातला फरक आजाराचा की पोह्यांचा, हे सांगताच येईना. तेव्हापासून वेळ, उपवास, वय आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) यांची नोंद केल्याशिवाय मी एकही नळी घेत नाही. मूत्रपिंड कमजोर असलं तरी कायन्युरेनिन वाढतं. आणखी एक गोष्ट: क्विनोलिनिक आम्ल रक्तातून मेंदूत फारसं जात नाही, म्हणून रक्तातला आकडा म्हणजे मेंदूतला आकडा असं कधीही लिहू नका.

प्रवेशासाठी सीएसआयआर नेट किंवा गेट द्यावी लागेल. मेंदूवर काम करायचं तर बंगळूरचं निमहान्स, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, मुंबईचं टीआयएफआर, पुण्याचं आयसर यांच्या जाहिराती बघत राहा. पण त्याआधी सहा महिने एचपीएलसीवर बसा, जवळच्या फार्मसी कॉलेजात का होईना. मशीन हाताखालून गेलेल्या मुलामुलींचा मुलाखतीतला आत्मविश्वासच वेगळा असतो.

या विषयात आलात की नातेवाइकांचे फोनही येतील. ‘बाबांना विसरायला होतंय, ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या देऊ का?’ मी स्पष्ट नाही म्हणते आणि न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवते. १९८९ मध्ये अमेरिकेत दूषित ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांनी लोक दगावले होते, तेही सांगते. मग त्यांनी विचारलं की मग करायचं काय, तर चालायला न्या म्हणते. व्यायाम केलेला स्नायू कायन्युरेनिनचं कायन्युरेनिक आम्ल करतो आणि हे आम्ल रक्तातून मेंदूत जवळजवळ शिरत नाही, म्हणजे मेंदूपर्यंत कायन्युरेनिन कमी पोचतं, हे २०१४ मध्ये कॅरोलिन्स्कातल्या गटानं उंदरांत दाखवलं. उंदरांत, हा शब्द फोनवरही गाळायचा नाही.

एखाद्या लॅबला पहिला मेल लिहाल तेव्हा एवढं नक्की विचारा: तुम्ही क्विनोलिनिक आम्ल कशात मोजता, आणि कशानं?