अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये नवीन आहात? कुठला ‘डबल’ ते आधी विचारा

या कामात कॉम्प्युटर शिकलेली आणि कॉमर्स केलेली मुलं शेजारी बसतात. मीटिंगमध्ये दोघंही ‘डबल’ म्हणतात, पण दोघांच्या मनात वेगवेगळी गोष्ट असते.

अकाउंटंटचा डबल म्हणजे द्विनोंदी पद्धत (डबल एंट्री): प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना लिहायचा. लुका पाचोलीने 1494 साली व्हेनिसमध्ये ती छापून प्रसिद्ध केली. तिथले व्यापारी त्याआधीपासूनच तसं लिहीत होते. नवा प्रोग्रामर हमखास समजतो की डबल म्हणजे दोन ओळी, आणि एकाच रांगेत ‘डेबिट खातं’ (नावे), ‘क्रेडिट खातं’ (जमा) असे दोन कॉलम करून मोकळा होतो. मग पहिलंच जीएसटीचं बिल येतं: खरेदी नावे 1000, सीजीएसटी नावे 90, एसजीएसटी नावे 90, पुरवठादार जमा 1180. झाल्या चार ओळी! ओळी कितीही असोत, नावे आणि जमा यांची बेरीज जुळली पाहिजे, एवढीच अट आहे. म्हणून व्हाउचरचं (म्हणजे एका व्यवहाराच्या अख्ख्या नोंदीचं) टेबल वेगळं आणि ओळींचं वेगळं ठेवा.

प्रोग्रामरचा डबल म्हणजे 64 बिटांत मावणारा अपूर्णांकी आकडा, 32 बिटांच्या ‘सिंगल’च्या दुप्पट जागा घेणारा. तो बायनरी असल्यामुळे त्यात 0.1 नेमका बसत नाही. 0.1 आणि 0.2 मिळवून बघा, उत्तर येतं 0.30000000000000004. आता नावे 30 पैसे आणि जमा 10 व 20 पैसे अशी नोंद रुपयांत करा. कॉमर्सवाल्याच्या लेखी ती चोख जुळलेली, तुमचा कोड मात्र ‘ताळा जुळत नाही’ म्हणून ती परत पाठवणार. पैशांसाठी डबल वापरूच नका. रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांकात साठवा, नाहीतर डेटाबेसमध्ये डेसिमल आणि जावात बिगडेसिमल घ्या.

घसाऱ्यात, म्हणजे मालमत्तेची किंमत दरवर्षी कमी दाखवताना, ‘डबल डिक्लायनिंग’ (दुप्पट दराची पद्धत) भेटेल, बहुतेक अमेरिकी क्लायंटकडे. मालमत्तेचं आयुष्य 5 वर्षं असेल तर सरळ रेषेचा (दरवर्षी सारखाच) दर 20 टक्के, याचा 40. त्याचं एवढं काही नाही.

खरा त्रास देतो तो डबल एंट्रीचा दुसरा अर्थ. नेट अडकलं, ऑपरेटरने ‘सेव्ह’ पुन्हा दाबलं, एकच बिल दोनदा चढलं. दोन्ही व्हाउचरं आपापल्या जागी जुळतात, त्यामुळे तेरीजही (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांचा ताळा) जुळते आणि कुणाला पत्ता लागत नाही. पुरवठादार, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष या तिन्हींवर मिळून युनिक बंधन (तेच पुन्हा चढू न देणारा डेटाबेसचा नियम) पहिल्याच दिवशी घाला. जुना डेटा भरल्यावर ते घालायला गेलात, तर आधी दुबार नोंदी हातानं निवडत बसावं लागतं.